दाजींना जिंकवायची पद्धत

"आज दुपारी तू हरायचं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी कढईतली चकली उलटी केली.

लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी होती. पाडव्याची सकाळ. फराळाचे डबे भरून तयार होते, पण जावई यायचे म्हणून ताज्या चकल्यांचा वेगळा घाणा चालला होता. सोऱ्या माझ्या हातात होता आणि तो तसाच हवेत राहिला. कशात हरायचं, असं मी विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की हिला माहेरी काही शिकवलं आहे की नाही.

"कॅरममध्ये. दुसरं कशात?"

मी इचलकरंजीची. आमच्या गल्लीत मागांचा खडखडाट आणि कॅरमचा टकटकाट हे दोनच आवाज. मंडळाच्या खोलीत पोरांना ढकलून जागा करायची, हे मी चौथीत असताना शिकले. पुढे जिल्ह्यात महिलांमध्ये माझ्यासमोर बसायला कोणी राजी नसे, आणि राज्य स्पर्धेतही मी दोनदा चांगल्या चांगल्यांना घाम फोडला होता. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारायचीच तर अजून बरंच आहे.

आमच्या मंडळात जुनी माणसं एक नाव कानाला हात लावून घेत. कराडचे तारळेकर. एसटीच्या वर्कशॉपमध्ये कामाला असलेला हा माणूस सुट्टीच्या दिवशी पहिल्या गाडीनं यायचा, आमच्या गावच्या भल्याभल्यांना झोपवायचा आणि चहा पिऊन परत जायचा. पुढे त्याच तारळेकरांच्या धाकट्या मुलाचं स्थळ मला आलं. मुलगा काय करतो, हे मी नंतर विचारलं. आधी विचारलं, सासरे अजून खेळतात का. आईनं कपाळाला हात लावला. बघण्याच्या कार्यक्रमात मात्र तात्यांनीच, म्हणजे सासऱ्यांनीच, मला हळूच विचारलं, पांढऱ्या घ्यायला आवडतात की काळ्या. मी म्हटलं, समोरचा देईल त्या. ते खुदकन हसले आणि म्हणाले, "बसू की एकदा."

लग्न वैशाखात झालं. दिवाळी आली तरी ते 'एकदा' काही आलं नाही. कॅरमचा बोर्ड जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागं उभा होता. मी विषय काढला की तात्यांची पाठ दुखायची, नाहीतर चष्मा सापडायचा नाही. पावडर संपली आहे म्हणाले, तर मी बाजारातून डबा घेऊन आले. तो डबा त्यांनी हातात घेतला, वास घेतला आणि देवळीत ठेवून दिला. माझ्या नवऱ्याला, धनंजयला, विचारलं तर तो म्हणायचा, तात्यांना आता त्यात गोडी राहिली नाही. एवढा मोठा खेळाडू घरात, आणि मी सून म्हणून त्याला ताट वाढायचं, पाणी द्यायचं, पण त्याच्यासमोर बसायचं नाही. मला ते फार लागलं होतं.

त्याचं कारण त्या सकाळी चकलीच्या घाण्यावर बाहेर पडलं.

माझी नणंद शैलाताई. त्यांच्या लग्नानंतरची पहिली दिवाळी, तेव्हाही असाच पाडवा. नगरचे नवे जावई विश्वासराव जेवण झाल्यावर तात्यांसमोर कॅरमला बसले. तात्या तेव्हा भरात होते. त्यांनी जावयांना एक सोंगटी घेऊ दिली नाही. दुसऱ्या बोर्डाच्या, म्हणजे दुसऱ्या डावाच्या, मध्येच विश्वासराव उठले. चेहरा लाल, कपाळावर घाम. एक शब्द न बोलता चपला घालून जे बाहेर पडले, ते तास-दीड तासानं परतले. रात्री जेवले नाहीत. दोन दिवस राहणार होते, ते सकाळच्या पहिल्या गाडीनं शैलाताईंना घेऊन निघून गेले. त्या गाडीत बसताना रडत होत्या. त्या दिवशी सासूबाईंनी फर्मान काढलं की या घरात जावयाला पुन्हा कोणी हरवायचं नाही. लेकीचा संसार मोठा की सोंगट्या मोठ्या?

"तेव्हापासून तुझे सासरे हरतात," सासूबाई म्हणाल्या. "धनूही हरतो. शेजारचे जोशी खेळायला आले, तर त्यांनाही मी आधी सांगून ठेवते. विश्वासरावांनी चिठ्ठीत लिहिलंय, यंदा नव्या वहिनींशी खेळणार म्हणून. तेव्हा तू काय ते ध्यानात ठेव."

मी 'हो' म्हटलं नाही. 'बघते' म्हणाले. सुनेच्या तोंडचं 'बघते' म्हणजे होकार, असं सासूबाईंनी धरलं. ते त्यांचं त्यांनी धरलं, मी काही धरायला सांगितलं नव्हतं.

धनंजयला मी माडीवर गाठलं. मी खरंच हरावं असं त्याला वाटतं का, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तो म्हणाला, "माझं डोकं खाऊ नकोस, तू आणि आई बघून घ्या." मग थोड्या वेळानं त्याला काळजी वाटली असावी. हरणं मला जमेल का, असं त्यानं विचारलं. नुसतं उगाच चुकवून भागत नाही, समोरच्याला कळता कामा नये. घरात यातले जाणकार तात्याच. राणी घ्यायची आणि ती पक्की करणारी कव्हरची सोंगटी केसभर हुकवायची, वर स्वतःच्याच कपाळावर मारून घ्यायचं. "तात्यांचं हरणं बघण्यासारखं असतं," तो कौतुकानं म्हणाला.

मला हसूही आलं आणि संतापही आला. तात्या वर्षातून एकदा हरायचे आणि उरलेलं वर्ष बोर्डाकडे बघायचे नाहीत, हे आता माझ्या लक्षात आलं. ज्याला ठरवून हरायचं आहे, त्यानं सराव तरी कशाला करायचा? मी आज हरले, तर पुढच्या पाडव्यालाही हरावं लागेल, त्याच्या पुढच्याही. तो बोर्ड दर दिवाळीला एकदा झटकून निघेल आणि परत कपाटामागं जाईल. मग तात्यांशी खरा डाव खेळायची माझी इच्छा कधीच पुरी होणार नव्हती. विश्वासरावांशी, म्हणजे आमच्या दाजींशी, माझं काही वैर नव्हतं. पण तात्यांपर्यंत जायची वाट त्यांच्यावरूनच जात होती.

दाजी आणि शैलाताई अकराच्या सुमाराला आले. दाजी म्हणजे उंचापुरा, शांत माणूस. वीज मंडळात होते. बोलायच्या आधी क्षणभर थांबायचे, आणि तेवढ्यात दुसरं कोणीतरी बोलून जायचं. ओवाळणं झालं, श्रीखंड-पुरीची पंगत झाली. सासूबाई आग्रह करत होत्या आणि दाजी मान खाली घालून खात होते. जेवण आटोपल्यावर धनंजयनं बोर्ड बाहेर काढला. मी आणलेला पावडरचा डबा अखेर उघडला गेला.

पहिला डाव रिवाजाप्रमाणे तात्या आणि दाजींचा. मी भिंतीला टेकून बसले. तात्यांनी पहिला स्ट्रायकर मारला आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. बोटांची ठेवण, मनगट जागचं न हलवता दिलेला जोर, सगळं जसं ऐकलं होतं तसं. चार सोंगट्या लागोपाठ गेल्या. मग एक सोपी हुकली. मग राणी गेली आणि कव्हर हुकलं. तात्यांनी कपाळावर हात मारला. सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं, धनंजयनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. शेवटी दाजी थोडक्यात जिंकले आणि घरानं निःश्वास टाकला. दाजींनी मात्र जिंकल्यावर वर बघितलंच नाही. सोंगट्या गोळा करत राहिले.

मला वाटलं, उठून आत जावं. एखाद्या गवयाला मुद्दाम बेसूर गायला लावावं आणि वर वाहवा करावी, तसं ते होतं.

मग मला बोलावणं आलं. मी साडीचा पदर खोचला आणि दाजींसमोर मांडी घातली.

पहिल्या दोन-तीन सोंगट्या गेल्या, तोवर सगळे कौतुकानं बघत होते. थोडं खेळून दाखवायला हरकत नव्हती. पाचवी गेली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन खोकल्या. सहावीला शैलाताईंनी मला दूध उतू जातंय का बघायला सांगितलं. दूध सकाळीच तापवून झालं होतं, हे मी बोर्डावरून नजर न काढता सांगितलं. राणी गेली, कव्हर गेलं, बोर्ड संपला. दाजींची एकही सोंगटी गेली नव्हती. दुसरा बोर्ड मी आणखी लवकर संपवला. माझा हात त्या दिवशी असा चालला होता, की मला थांबवायचं म्हटलं असतं तरी थांबला नसता.

शेवटची सोंगटी पडली.

दाजी उठले. दारातून अंगणात गेले.

शैलाताईंच्या डोळ्यांत पाणी भरलं. धनंजय छताकडे बघायला लागला. सासूबाई माझ्या अंगावर आल्या नाहीत, आवाजही चढवला नाही त्यांनी. नुसतं म्हणाल्या, "झालं तुझं समाधान?" मला ते चार शिव्यांहून जास्त झोंबलं. पण खरं सांगते, मला पश्चात्ताप झाला नाही. भीती मात्र वाटली, आणि तीही शैलाताईंसाठी. तात्या बोर्डाकडेच बघत होते. मी घेतलेल्या शेवटच्या सोंगटीचा कोन ते बोटानं हवेत काढून बघत होते.

अंगणातून पाण्याचा आवाज आला. थोड्या वेळानं दाजी आत आले. तोंड धुतलेलं, टॉवेल खांद्यावर. ते पुन्हा त्यांच्या जागेवर येऊन बसले. नेहमीसारखे क्षणभर थांबले, आणि या खेपेला मध्ये कोणी बोललं नाही.

"वहिनी, आमच्या ऑफिसात दरवर्षी स्पर्धा असते. मी पहिल्या फेरीत बाहेर पडतो. दरवर्षी. फक्त कराडला आलो की मी चॅम्पियन होतो."

दाजी तात्यांकडे वळले.

"तात्या, तुम्ही कव्हर हुकवता, ते तिसऱ्या वर्षीच माझ्या लक्षात आलं. मला वाटलं तुमच्याकडे पद्धतच आहे. जावयाला टॉवेल-टोपी देतात, तसं जिंकवायचं. म्हणून मी गप्प बसलो. पण दरवेळी जिंकून उठलो की वाटतं, मी अजून या घरात पाहुणाच आहे. आज पहिल्यांदा कुणीतरी मला घरच्यासारखं धुतलं."

"अहो, पण पहिल्या दिवाळीला तुम्ही डावावरून उठून गेलात," सासूबाई दारातून म्हणाल्या. "जेवला नाहीत. सकाळी पोरीला घेऊन निघून गेलात."

दाजींचे कान लाल झाले. ते शैलाताईंकडे बघायला लागले, मग जमिनीकडे.

"आई, तुम्ही त्या दिवशी मला किती करंज्या वाढल्या होत्या, आठवतंय का?"

सासूबाईंना आठवत नव्हतं. त्यांच्या हिशेबात जावयाच्या करंज्या मोजायच्या नसतातच.

"करंज्या, अनारसे, वर बासुंदी. नको म्हणायची सोय नव्हती, नवीन होतो. दुसऱ्या बोर्डाला बसलो आणि पोटात गडबड सुरू झाली. तुमचा संडास अंगणाच्या पलीकडे, आणि अंगणात तुमच्याकडचे दहा-बारा पाहुणे गप्पा मारत बसलेले. त्यांच्यामधून डबा घेऊन नवा जावई कसा जाणार? मार्केट यार्डाजवळ माझा एक वर्गमित्र राहायचा. त्याच्याकडे पळालो. रात्रीही पोट तसंच. म्हणून पहाटेची गाडी धरली."

"मला का नाही सांगितलं?" शैलाताईंनी विचारलं.

"लग्नाला सहा महिने झाले होते. काय सांगणार होतो?"

आधी धनंजय फुटला. मग शैलाताई डोळे पुसता पुसता हसायला लागल्या आणि त्यांना थांबता येईना. सासूबाई दाराची चौकट धरून तिथंच खाली बसल्या. इतकी वर्षं घरातल्या सगळ्यांना, शेजारच्या जोश्यांनासुद्धा, त्यांनी हरायला लावलं होतं, ते कशापायी? त्या एकदा हसल्या, एकदा देवाचं नाव घेतलं, आणि मग दाजींना म्हणाल्या की आज तरी पोट बरं आहे ना. दाजी म्हणाले, "आज मी पुऱ्या तुमची नजर चुकवून धनूच्या ताटात टाकल्या."

तात्या एकटे हसत नव्हते. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि चष्मा घेऊन आले. सापडत नसलेला चष्मा अगदी लगेच सापडला.

"विश्वास, ऊठ," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी नावापुढचं 'राव' गाळलं. दाजींनी जागा दिली. तात्या माझ्यासमोर बसले.

"काळ्या की पांढऱ्या?"

"तुम्ही द्याल त्या."

त्यांनी पांढऱ्या स्वतः घेतल्या. मला वैशाखापासून हवा असलेला डाव सुरू झाला. त्याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली, पण तो बोर्ड मी अजून सोंगटी न सोंगटी मांडून दाखवेन. तात्यांनी सुरुवातीलाच दोन सोंगट्या एका फटक्यात वेगवेगळ्या पॉकेटात घातल्या. मी राणी घेतली आणि कव्हरही केलं. त्यांनी माझी वाट अडवली, मी त्यांची. दाजी आणि धनंजय दोन्ही बाजूंनी वाकून बघत होते. शेवटी दोघांची एकेकच सोंगटी उरली. पाळी तात्यांची होती. त्यांची पांढरी पॉकेटच्या तोंडाशी टेकलेली. नुसती फुंकर मारली तरी जावी अशी.

तात्यांनी स्ट्रायकर लावला, मारला. तो सोंगटीच्या अंगावरून निसटून गेला. सोंगटी जागची हलली नाही.

धनंजय मोठ्यानं हसला. "तात्या, सवय जाईना होय," तो म्हणाला. दाजीही हसले. सासूबाईंचा चेहरा खुलला. सासऱ्यानं पहिल्या दिवाळीला सुनेचाही मान ठेवला, असं त्यांना वाटलं. माझं मात्र डोकं फिरलं. एवढं सगळं होऊन, एवढं बोलून झाल्यावरही? मी स्ट्रायकर उचलून तात्यांच्या बाजूला ठेवला.

"परत मारा. मला असलं नको."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणून, मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाले, "वैजयंती, मी सोडलं नाही. चुकलं."

त्यांचं बोट अजून बोर्डावरच होतं आणि ते अगदी बारीक थरथरत होतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतकी वर्षं न चालवलेला हात तो. मघाच्या त्यांच्या डावात जे हुकलं, त्यातलं किती त्यांनी सोडलं आणि किती खरंच हुकलं, हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि घरात कोणाचाच यावर विश्वास बसणार नव्हता, कारण तारळेकर चुकत नसतात, सोडतात.

स्ट्रायकर माझ्याकडे आला. माझी काळी अवघड जागी होती. समोरच्या कडेला लावून परत आणायची, तर जमायची. नाही जमली, तर कोणी बोट दाखवलं नसतं. माझ्यासमोर माझा देव बसला होता आणि त्याचा हात थरथरत होता. मनातल्या मनात मी ती सोंगटी एकदा हुकवूनही बघितली. सगळे खूश झाले असते. तात्यांनी पुढच्या खेपेला ती टेकलेली पांढरी घातली असती, डाव त्यांचा झाला असता, आणि मी पाया पडून चहा ठेवायला गेले असते. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. काय बघत होत्या, ते मला न बघताही कळत होतं.

मी पाठ सरळ केली, कडेचा अंदाज घेतला आणि मारला. काळी समोर जाऊन आदळली, तिरपी परत आली आणि माझ्या उजव्या हाताच्या पॉकेटात पडली.

या वेळी कोणी हसलं नाही. सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. मला रडू यायला लागलं होतं, पण मी मान खाली घातली नाही.

"बरं केलंस," तात्या म्हणाले.

"राग नाही ना आला?"

"हरवून घेण्यात माझ्याइतका मुरलेला माणूस सातारा जिल्ह्यात नसेल. तू सोडलं असतंस, तर तू हात उचलायच्या आधी मला कळलं असतं. मग हा बोर्ड आजच चौकातल्या पोरांना देऊन टाकला असता मी."

ते स्वतःच्या हाताकडे बघत होते. बोटं एकदा मिटली, एकदा उघडली.

"आज चुकलं. उद्याही चुकेल. पण रोज बसलो, तर किती दिवस चुकणार आहे?"

त्यांनी सासूबाईंना दोन चहा टाकायला सांगितले, दाजींना पलीकडे सरकून बसायला सांगितलं, आणि बोर्डावर पावडर शिंपडून तळहातानं सगळीकडे फिरवली. मग सोंगट्यांचा ढीग माझ्याकडे लोटला.

"लाव," ते म्हणाले. "आणि या खेपेलाही सुरुवात माझीच."